बोकडाची मान

एक डोंगरी बोकड, काळा, तोंड डावीकडे.

एक अस्वल. जीभ लाल, नखं लाल.

अक्रोडाचे केक, चौदा.

शनिवारी साडेदहाला चर्च.

आणि मेंगा, जी मंगळवारी माझ्या कामाच्या टेबलाशी बसून नाक पुसत होती.

आमच्या खोऱ्यात लग्नात जोडीची काच देतात, खिडकीत लावायची, दोन्ही घराण्यांची चिन्हं रंगवलेली. डावीकडे नवऱ्याच्या घराण्याची ढाल, उजवीकडे बायकोच्या. ढालीवरचं जनावर कायम डावीकडे बघतं, म्हणून जोडी करताना नवऱ्याचं जनावर वळवून घ्यायचं, की दोघं समोरासमोर. तीस वर्षं काचा रंगवतेय मी. मेंगाच्या होणाऱ्या नवऱ्याचा, फ्लुरिनचा बोकडही हाताच्या सवयीने वळवला.

फ्लुरिनचे वडील बाल्झर कच्चं चित्र बघायला आले. चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. आमचा बोकड चारशे वर्षांत कोणापुढे वळला नाही, म्हणाले. वळलेला तो पळपुटा. मी सरळ केला, पुन्हा तोंड डावीकडे.

मग मेंगाचे वडील गियोन आले.

"बार्बला, हे काय?"

"त्यांचा बोकड."

"ते दिसतंय. माझ्या अस्वलाच्या तोंडापुढे त्याचं काय आलंय, ते विचारतोय."

शेपटी मी वर काढली होती, तेवढं माझं चुकलंच.

ते ढुंगण तिथून हलेपर्यंत चर्चची पायरी चढणार नाही, असं सांगून गियोन गेले. बाल्झरना हे कळलं, तेव्हा त्यांनीही कळवलं की बोकड वळला तर ते घरीच बसतील.

"बाबा आले नाहीत तर मी कोणाचा हात धरून आत जाऊ?" मेंगा म्हणाली. "मावशी, दोघांच्या ढालींवर नुसती फुलं काढ ना."

मग ती ढाल दोघांपैकी कोणाचीच राहिली नसती, हे तिलाही ठाऊक होतं.

मी खोडरबर घेतलं. धड होतं तसं ठेवलं. शेपटी खाली केली आणि फक्त मान मागे वळवली.

बाल्झरनी बराच वेळ बघितलं. पाठीमागे लक्ष ठेवून आहे, म्हणाले, घराण्याला शोभतंय.

गियोन म्हणाले, "बघतोय ना वळून? बघावंच लागतं."

शनिवारी गियोन मेंगाला घेऊन आत आले. पुढे फ्लुरिन तोंड वेदीकडे करून उभा होता, मान तेवढी मागे. बाल्झरनी कोपराने ढोसलं, तरी सरळ होईना.

बाल्झरच्या स्वतःच्या लग्नाची काच त्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावलेली आहे, आणि तिच्यावरचा बोकड वळवलेला आहे.