कवळी, काकडी आणि खरकट्याची बादली

मी एक जुनी बादली आहे, मित्रांनो. दुधाची नव्हे, पाण्याची नव्हे, खरकट्याची. नाक मुरडलेत ना? मुरडा, मला सवय आहे. पण एक सांगते. तुम्हाला माझी जेवढी किळस येते, त्याच्या दसपट मला तुमच्या ताटांची येते. ती का येते, ते ऐका आणि मग नाक कुणाकडे बघून मुरडायचे ते ठरवा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. स्टीलचा पत्रा यंत्राखाली दाबून मला आकार दिला, काठ वळवले आणि कडी अडकवली. मी इतकी चकचकीत होते की मला पुसणारी बाई माझ्यात बघून केस नीट करायची. माझ्या शेजारच्या बादल्या दुधाच्या डेअरीत निघाल्या होत्या. मीही फेसाळ दुधाची स्वप्ने बघत बसले. पण एका मोठ्या प्रवासी जहाजाची मागणी आली आणि आमची अख्खी रांग तिकडे रवाना झाली. जगाची सफर घडणार म्हणून मी कोण आनंदले! हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी, दुसरे काय?

हे जहाज साऱ्या जगाला वळसा घालते. महिनोन्‌महिने तेच प्रवासी, त्याच खुर्च्या, तीच भांडणे. मी त्यातले जग किती पाहिले म्हणाल, तर भांडी घासायच्या खोलीतली फरशी आणि जेवणाच्या हॉलकडे उघडणारी एक खिडकी. त्या खिडकीतून वाढपी उष्टी ताटे आत सरकवतात. समुद्र मला कधी दिसला नाही. तो नुसता पोटात डचमळतो.

इथली दिनचर्या म्हणजे खाणे. सकाळी न्याहारी, ती जिरायच्या आत कॉफी आणि बिस्किटे, मग दुपारचे जेवण, चहाबरोबर केक, संध्याकाळचे जेवण, आणि झोपण्यापूर्वी 'काहीतरी हलके'. त्या हलक्याने मी काठोकाठ भरते. माणसे बुफेच्या टेबलाशी अशी तुटून पडतात की जणू उद्यापासून दुष्काळच पडणार आहे. डेकवर खुर्च्या टॉवेल टाकून अडवायच्या आणि इथे केकचे तुकडे ताटात घेऊन अडवायचे. मग त्यातला एक घास खायचा आणि बाकीचा माझ्या तोंडात. आइस्क्रीमच्या वाटीत थुंकलेले च्युइंगगम, मलईत खुपसलेली दातकोरणी, माशाच्या तोंडात कोंबलेला नॅपकिन, काय काय सांगू! कोणी तरी ते मुद्दाम कोंबून हसले होते. तेव्हा मला जी शिसारी आली, ती आजतागायत गेलेली नाही.

बंदर लागले की सगळे खाली उतरतात. त्या दिवशी मी अर्धीच भरते आणि आमच्या खोलीत गाणी चालतात. समुद्र खवळला की मात्र उलटा प्रकार. जे खाल्लेले असते, तेही परत माझ्याकडेच येते. त्याचे वर्णन मी करत नाही. तुमचे जेवण व्हायचे असेल.

माझे कौतुक एकदाच झाले. कप्तानसाहेब पाहणीला आले, माझ्यासमोर थांबले आणि म्हणाले, "वा, बादली कशी आरशासारखी ठेवली आहे!" बस, तेवढेच. पुढे माझे बूड चेपले, कडी एका बाजूने निखळली. नव्या प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या आणि माझी रवानगी भंगारात होणार होती. मामांनी कडीला तार बांधली आणि मला ठेवून घेतले.

मामा म्हणजे आमच्या खोलीत भांडी घासणारे. ते कोणाचे सख्खे मामा नव्हेत, पण जहाजावर लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणतात. ताट हातात आले की ते आधी कागद उचलून वेगळा टाकतात, हाडे वेगळी काढतात आणि अन्न तेवढे माझ्यात ढकलतात. मी भरले की मला लिफ्टने खालच्या मजल्यावर नेतात. तिथे एक दळणयंत्र आहे. सगळ्या खरकट्याचा ते लगदा करते. एकदा कोणीतरी ताटात चमचा विसरला, तो यंत्रात गेला आणि यंत्र बंद पडले. चमचा दुसऱ्याचा, पण बोल मामांना लागला. आमच्यावरचा मुकादम ओरडला, "मामा, पुन्हा यंत्रात अन्नाशिवाय काही गेलं ना, तर पुढच्या बंदरावर तुम्हाला उतरवीन! बॅग भरूनच ठेवा." मामांच्या घरी म्हातारी आई आणि दोन लेकी. सगळ्यांचा भार या एकाच नोकरीवर. त्या दिवसापासून मामा प्रत्येक ताट दोनदा बघू लागले.

आमच्या हॉलमध्ये एक आजोबा जेवायला येत. त्यांचे नाव मला माहीत नाही. मी त्यांना 'अजून जरा' म्हणते, कारण दुसरे काही त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. पहिल्या ताटातले अर्धे टाकून ते दुसरे ताट आणायला निघायचे. त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे आजी, म्हणायच्या, "अहो, आधी आहे ते संपवा." पण ऐकतो कोण!

त्या दुपारी आजी अजून आल्या नव्हत्या. आजोबांच्या कवळीखाली अक्रोडाचा तुकडा अडकला. कवळी खुपू लागली, तशी त्यांनी ती गुपचूप काढली, नॅपकिनमध्ये गुंडाळली आणि ताटात ठेवली. मग काय सुचले, तर तसेच बोळक्या तोंडाने ते मऊ पुडिंग आणायला गेले. अजून जरा! आता आमच्या हॉलची रीत अशी, की माणूस खुर्चीवरून उठला की ताट उचलायचे. वाढप्याने ते उचलले. मामा तेव्हा पलीकडे पातेली घासत होते. रीतीप्रमाणे ताट त्यांच्या हातात द्यायचे, तर या पठ्ठ्याने खिडकीतून हात घालून ते थेट माझ्यात उपडे केले. केक, सॉस, माशाची कातडी आणि त्यांच्या मागोमाग कवळी माझ्या पोटात येऊन पडली.

आजोबा परत आले. ताट नाही! त्यांनी वाढप्याला धरले आणि बोळक्या तोंडाने ओरडू लागले, "कोवई! माही कोवई कुथंय?"

वाढप्याला वाटले, साहेबांना काहीतरी कोवळे हवे आहे. "कोवळी काय साहेब? काकडी?"

आजोबांनी तोंडाकडे बोट दाखवून जबडा हलवला. वाढपी समजल्यासारखी मान हलवून गेला आणि काकडीच्या चकत्या घेऊन आला. आजोबांनी ती बशी भिरकावली. चकत्या टेबलभर झाल्या.

"ही जून वाटतेय का साहेब? थांबा, अजून कोवळी आणतो."

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असे म्हणतात. इथे दात माझ्या पोटात आणि काकडी टेबलावर! मला हसू यायला हवे होते. पण मी भरले होते आणि मामांनी माझी कडी उचलली होती.

लिफ्ट खाली उतरू लागली, मित्रांनो. त्या म्हाताऱ्याच्या दातांचे मला सोयरसुतक नव्हते. पण ते दात यंत्रात गेले असते, तर पुढच्या बंदरावर मामा बॅग घेऊन उभे राहिले असते. आणि मला तर वाचा नाही. मामांनी यंत्र सुरू केले. त्याच्या घरघरीत भिंतीवरचा फोन वाजू लागला, तो त्यांना ऐकूच आला नाही. त्यांनी मला उचलून यंत्राच्या तोंडाशी धरले. एवढ्यात जहाजाने मोठा हेलकावा खाल्ला, मामांचा पाय घसरला आणि मी धाडकन फरशीवर पडले. खोलीभर खरकटे!

"अरे देवा," म्हणत मामांनी यंत्र बंद केले. मग त्यांना फोन ऐकू आला. पलीकडे मुकादम होता. वर आजी आल्या होत्या, त्यांनी नवऱ्याचे बसके गाल पाहिले आणि एका क्षणात सगळे ओळखले होते.

"मामा! त्या साहेबांची कवळी खरकट्यात गेलीय! यंत्रात टाकलं नाहीत ना काही?"

"नाही. सगळं जमिनीवर आहे."

"मग शोधा! नाही सापडली तर माझ्याकडे येऊच नका."

मामा गुडघ्यांवर बसले. हातमोज्यांतून काही लागेना, म्हणून त्यांनी मोजे काढले आणि उघडे हात त्या चिखलात घातले. थंड सॉस कोपरापर्यंत ओघळला. त्यांना दोनदा उमासा आला, दोनदा त्यांनी तोंड फिरवून तो गिळला. हाताला लागेल तो गोळा दाबून बघायचा, बाजूला टाकायचा, दुसरा घ्यायचा. शेवटी माशाच्या कातड्याखाली एक भिजलेला नॅपकिन सापडला. तो उलगडला आणि कवळीने मामांकडे बघून दात विचकले.

मामांनी ती साबणाने धुतली, गरम पाण्यात घातली, पुन्हा धुतली. हात धुऊन स्वच्छ वाटीत झाकून ते ती वर घेऊन आले. मला दुसऱ्या हातात घेऊन आले, म्हणून मला पुढचे दिसले.

आजोबांनी वाटीत डोकावून पाहिले आणि मागे सरले. "फी! खयकट्यातली? ती मी तोंदात घालू? आणि या मानफाने हात लावलेली? मी तक्याय कयतो!"

तक्रार म्हणताच मुकादमाचा चेहरा पडला. तो मामांवर उखडला, "आधी हात धुऊन या तुम्ही. वास मारताय! आणि पुढच्या बंदरावर..."

मित्रांनो, सडलेला मासा मी पोटात ठेवला आहे. पण त्या घटकेला आली तशी ओकारी मला कधीच आली नव्हती.

मामांनी वाटी तशीच पुढे धरून ठेवली. बोलल्या त्या आजी. त्यांनी मुकादमाला हातानेच गप्प केले आणि नवऱ्याकडे वळल्या. "अहो, हे खरकटं कुणाचं?"

आजोबा छताकडे बघू लागले.

"मासा तुम्ही घेतलात, केक तुम्ही घेतलात, सगळं उष्टं करून तुम्हीच टाकलंत. मघाशी ह्याच तोंडात होतं ना ते? तेव्हा नाही वाटलं शी? यांनी त्यात हात घातले म्हणून तुमचे दात आले. वास यांच्या हातांना नाही येत, तुमच्या ताटाला येतोय. तक्रार करायची असेल तर तिथे माझंही नाव घाला, मी नवऱ्याविरुद्ध साक्ष देईन. घाला दात."

हॉलमधले चमचे थांबले होते. आजोबांनी कवळी उचलली, डोळे मिटले आणि तोंडात बसवली. त्यानंतर तक्रारीचा शब्द कोणी काढला नाही. मामांची बॅग खाटेखालीच राहिली.

पण आजी एवढ्यावर थांबल्या नाहीत. आता प्रत्येक जेवणानंतर त्या आजोबांना त्यांचे ताट घेऊन खिडकीशी पाठवतात. वाढप्याला हात लावू देत नाहीत. आजोबा येतात, नाक दाबतात आणि स्वतःच्या हाताने उरलेले माझ्यात ढकलतात. पहिल्या दिवशी त्यांना उमासे आले. दुसऱ्या दिवशी ताटात कमी होते. परवा तर नुसती एक लिंबाची फोड होती, आणि तीही त्यांनी मामांना विचारून टाकली.

मित्रांनो, मी काही तुम्हाला उपाशी राहा म्हणत नाही. भूक असेल तेवढे खुशाल घ्या, पुन्हा घ्या. पण जे उरेल ते स्वतः घेऊन या. आणि माझ्यात टाकताना मान फिरवू नका, माझ्याकडे बघा. घाण दिसली, तर ती बादलीची नाही.