पाच जणांचा फोटो

बायाक्काचा एकुलता एक मुलगा सिद्राम इटलीच्या डोंगरात पडला, त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं. सरकारी कागद आला, मागाहून एक पदकही आलं. पण तो कसा गेला, शेवटी त्याच्याजवळ कोण होतं, हे सांगणारं माणूस काही आलं नव्हतं. बेळगावच्या शहापुरातल्या त्या बोळात पिढ्यान्‌पिढ्या लुगडी विणणारं घर ते. लढाईच्या दिवसांत सूत मिळेनासं झालं, माग आठवडेच्या आठवडे रिकामे राहू लागले, तेव्हा सिद्राम एक दिवस पलटणीत नाव घालूनच घरी आला होता.

बायाक्काला एक गोष्ट कुणालाच सांगता येत नव्हती. मुलाचा चेहरा तिच्या मनातून पुसत चालला होता. त्याचा आवाज आठवे, धोटा फेकणारा हात आठवे; चेहरा मात्र आठवायला जावं तर हलत्या पाण्यातल्यासारखा फुटायचा. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. लग्नातसुद्धा काढला नव्हता. सून अंजनीला विचारावं असं कितीदा मनात येई, ‘तुला दिसतो का गं तो?’ पण तिची मान खाली घालून सुताच्या कांड्या भरण्याची लगबग बघितली की ती पुन्हा आपल्या मागाकडं वळायची.

सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात एका शनिवारी दारात एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्याला पटका, अंगात खाकी सदरा, एक पाय अधू.

“सिद्रामचं घर ह्येच का, आक्का?”

बायाक्का खड्ड्यात पाय सोडून मागावर बसली होती. तिचे पाय जागच्या जागी थांबले. “व्हय. तू कोण रं?”

“मी नागोजी. निपाणीकडचा. आमी एका पलटणीत हुतो.”

अंजनीनं घोंगडं टाकलं, गूळ-पाणी आणून ठेवलं. नागोजी बसला, पण गुळाला हात लावेना.

“लई उशीर केला मी, आक्का. तीन डाव बेळगावला आलतो. खडेबाजारापत्तूर यायचो आन् तिथनंच माघारी फिरायचो.”

“का रं बाबा?”

त्यानं पिशवीतून दोन पुठ्ठ्यांच्या मधे जपलेला फोटो काढला. दगडी घरापुढं पाच शिपाई उभे होते आणि त्यांच्यामधे काळ्या झग्यातली एक म्हातारी गोरी बाई. बायाक्का मागाच्या खड्ड्यातून वर आली, पदराला हात पुसले आणि फोटो दाराच्या उजेडात धरला. उभ्या जन्माचं विणकाम डोळ्यांत उतरलेलं. तिला सगळं धूसरच दिसत होतं. तरी तिचं बोट एका चेहऱ्यावर जाऊन टेकलं.

“ह्यो. ह्यो माझा सिद्राम.”

अंजनीनं वाकून बघितलं आणि चटकन तोंड फिरवलं.

“आक्का,” नागोजी हलकेच म्हणाला, “त्यो मी हाय.”

बायाक्कानं बोट चटकन उचललं. पोटच्या पोराला आई ओळखत नाही, तेही परक्या माणसासमोर! तिला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण नागोजीनं तिचं बोट आपल्या हातात धरलं आणि सावकाश पुढं नेलं. मष्णू, भरमा, रवळू अशी एकेक नावं सांगत तो अगदी कडेच्या शिपायापाशी थांबला.

“ह्यो बघा.”

आधी तिला दिसलं ते त्याचं उभं राहणं. डावा खांदा किंचित खाली, सगळा भार एका पायावर आणि दुसरी टाच उचललेली, जणू आत्ता मागाची पावडी पायानं दाबायची आहे. मग तिनं फोटो डोळ्यांशी नेला आणि खांद्यावरून नजर वर गेली. रुंद कपाळ, बापासारखे कान, हसू दाबताना आत ओढलेला खालचा ओठ. हलतं पाणी एकदम स्थिर झालं.

“आला गं,” ती अंजनीला म्हणाली. “बघ, आला.”

दोघी फोटोवर वाकून कितीतरी वेळ रडल्या. नागोजी बोळाकडं तोंड करून बसून राहिला.

डोळे पुसल्यावर बायाक्कानं विचारलं, “ही म्हातारी कोण?”

तेव्हा नागोजीचा चेहरा पहिल्यांदा खुलला. “तिच्या घरात माग हुता, आक्का! आमी त्या गावात आठ दिस मुक्कामाला हुतो. सिद्रामनं माग बघितला आन् वरडलाच, ‘आमच्या घरचाच हाय, खड्डा न्हाय एवढंच!’ तुटलेला ताणा पडला हुता. गडी दोन दिस मान मोडून धागं सांधत बसला. तिला आमची भाषा येत न्हाय, ह्याला तिची न्हाय, पर दोघं दिसभर बोलत हुती. मागावर पुन्यांदा कापड चढलं तवा म्हातारीनं त्याच्या गालावरनं हात फिरवला. आमाला कसली तरी फळं भाजून घातली, फणसाच्या आठळ्यावानी लागायची. तिथल्या मास्तरानं फोटो काढून दिला.”

दाराआडून अंजनीनं हळूच विचारलं, “जेवत हुते का नीट?”

“जेवायचा, वहिनी. तुमच्या हातच्या भाकरीची आठवण काढून जेवायचा.”

मग नागोजीनं राहिलेलं सांगितलं. टेकडीवरच्या लढाईत त्याच्या पायात गोळी शिरली. सिद्राम आणि मष्णूनं त्याला स्ट्रेचरवर घालून खाली आणलं. रवळू वरच जखमी होऊन पडला होता, म्हणून दोघं परत वर गेले. मष्णू एकटाच परतला.

“मला आधी आणलं म्हणून त्याला दुसरी खेप पडली,” नागोजी म्हणाला. “त्यापायी दारात यायचं धाडस हुईना.”

बायाक्का उठली. तिनं गुळाचा खडा उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. “खा. तुला त्यानं जिता आणला म्हणून आज माझ्या घरात त्यो दिसला. न्हायतर मला कोण दाखवणार हुतं?” जरा थांबून तिनं विचारलं, “त्या रवळूची आई हाय का रं?”

“हाय. मनुबाई. खानापुराकडं असती.”

“तिच्याकडं फोटो?”

“न्हाय. येकच हाय.”

सोमवारी बायाक्का स्वतः नागोजीला घेऊन खडेबाजारात फोटोवाल्याकडं गेली. फोटोचाच फोटो काढून चार नकला करून घेतल्या. अस्सल फोटो नागोजीनं तिलाच ठेवायला लावला. पुढच्या अमावास्येला, माग बंद असतात त्या दिवशी, तिनं सगळ्यांना घरी बोलावलं. भरमा अजून पलटणीतच होता. त्याची नक्कल नागोजी त्याच्या घरी देणार होता. मष्णू आला. मनुबाई पहाटेच निघून, डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन आली.

मनुबाईच्या नजरेत दोष नव्हता. तिनं आपला रवळू क्षणात ओळखला आणि फोटो छातीशी धरला. पण तिला दुसरंच काही हवं होतं. ती मष्णूकडं वळली.

“माझं पोर वर एकटंच मेलं का रं?”

मष्णू फार कमी बोलणारा गडी. त्यानं ही गोष्ट नागोजीलाही कधी सांगितली नव्हती. “न्हाय, मावशी. मी दमलो हुतो, जरा बसू म्हनलं. सिद्राम म्हनला, त्यो वाट बघत आसंल, चल. आमी गेलो तवा रवळू शुद्धीवर हुता. सिद्रामनं त्याचं डोसकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं. दोन घोट प्याला. ‘आलास व्हय,’ म्हनला. मी खाली उतरायचा रस्ता हुडकाय दहा पावलं गेलो, आन् तवाच तोफेचा गोळा पडला. दोघं एकदमच गेली.”

मनुबाई उठली, बायाक्कापुढं आली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवायला वाकली. बायाक्कानं तिला वरच्यावर धरलं.

“माझ्या पोरासाठी कुणी माघारी फिरलं हुतं, हे मला ठावं नव्हतं,” मनुबाई म्हणाली. “दीड वर्स मी त्याला उन्हात तान्हेला पडलेला बघत हुते. तुझ्या लेकानं त्याला पाणी पाजलं, बाई.”

आपला मुलगा दुसऱ्या खेपेला वरच राहिला, एवढंच बायाक्काला माहीत होतं. तो कुणाला तरी मांडीवर घेऊन गेला, एकटा गेला नाही, हे आजच कळत होतं. आणि ते कळायला या बाईचा प्रश्न लागला होता. तिनं मनुबाईला मिठी मारली.

मनुबाईच्या तांदळाचा भात बायाक्काच्या चुलीवर शिजला. जेवताना लढाईची गोष्ट कुणी काढली नाही. रवळू लहानपणी म्हशीच्या पाठीवर झोपी जायचा, सिद्राम रंगाच्या घंगाळात पडून तीन दिवस निळा राहिला होता, असल्या गोष्टींना ऊत आला. अंजनी वाढता वाढता मोकळी हसली. तिचं हसू बायाक्कानं फार दिवसांनी ऐकलं, आणि हातातला घास तसाच धरून ती ऐकत राहिली.

“भात घ्या की, आत्ती,” अंजनी म्हणाली.

“वाढ,” बायाक्का म्हणाली. “आन् नागोजीला दूध वाढ. त्याला लांब जायचं हाय.”