टेकडी की नदी

"टेकडी," फ्रॅन म्हणाली आणि बटाट्यांवर ग्रेव्ही ओतू लागली.

ग्रॅहम एंटविसलने काटा-सुरी ताटात ठेवली. "मागच्या रविवारी नदी होतं."

"हो."

"त्याच्या आधीच्या रविवारी टेकडी."

"मग बदललं मत. माणसाचं मत बदलू नये का, डॅड?"

"बदलावं ना! पण इथल्या हवेसारखं तासातासाला नको. नोव्हेंबरपासून तुझं हे तळ्यात-मळ्यात चाललंय. आता जुलै उजाडला. एकदाचा काय तो सोक्षमोक्ष लाव आणि मला सुखानं जेवू दे."

"अरे, ती जेवतेय सुखानं. तूच बोलतोयस," ज्यूडिथ म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बायकोची ही शांत वाक्यं ग्रॅहमला अजून झोंबत. तो मटार टोचू लागला.

इंग्लंडातल्या लँकशरच्या त्या खोऱ्यात सोळाव्या वर्षी शाळा संपली की पोरांपुढे दोन वाटा असत. एक टेकडीवरचं कॉलेज, घरापासून चालत जाण्यासारखं. दुसरं शेजारच्या गावातलं, नदीकाठचं. तिथं जायला दोन बस बदलाव्या लागत. तीन विषय निवडायचे, दोन वर्षं त्यात बुडी मारायची आणि ए-लेव्हलची परीक्षा द्यायची. अर्ज सगळेच दोन्हीकडे करत, होकार दोन्हीकडून येई, आणि ऑगस्टमध्ये शाळेचा निकाल लागेपर्यंत दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभं राहणं ही अख्ख्या खोऱ्याची रीत होती. ग्रॅहमला ती रीत कधीच खटकली नव्हती. पण आता ते पाय त्याच्याच घरात होते.

त्यातून तो स्वतः टेकडीवरच्या कॉलेजात जर्मन शिकवायचा. त्यामुळे शेजारीपाजारी हसून म्हणत, "तुमच्या फ्रॅनचं काय, घरचंच दुकान!" ग्रॅहम कानकोंडा होऊन म्हणे, "तिचं तिनं ठरवायचं." ते तो मनापासून म्हणे. निदान त्याची तशी समजूत होती.

खरं तर ठरवायला काही कठीण नव्हतं. फ्रॅन लहानपणापासून दगडवेडी. कुठल्या डोंगरावर नेली की खिसे भरून खडे आणायची. ते खिडक्यांत रचायची, न्हाणीघरात धुवायची आणि उरलेले तसेच खिशात विसरायची. कपडे धुण्याच्या यंत्रात ते खडखडत फिरायचे. दोनदा यंत्र दुरुस्त करावं लागलं होतं. "फ्रॅन! खिसे!" ही ग्रॅहमची आरोळी शेजारच्या घरातही पाठ होती. आणि नदीकाठच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र होतं, भौतिकशास्त्राची नवी प्रयोगशाळा होती. टेकडीवर भूगर्भशास्त्र नव्हतंच. मग अडलं होतं कुठं? बस बदलायला? पावसाला? मैत्रिणी तर दोन्हीकडे होत्या. विचारावं तर फ्रॅन खांदे उडवायची आणि दार लावून घ्यायची.

नोव्हेंबरातली कॉलेजची ती माहितीची संध्याकाळ ग्रॅहमला आठवली की अजून कसंसं व्हायचं. त्या दिवशी सगळे विषय जत्रेतल्यासारखी आपापली टेबलं मांडून बसतात आणि पोरं आईबापांसोबत फिरत राहतात. जीवशास्त्रवाल्यांनी डुकराची हृदयं कापायला ठेवली होती. शेजारी रसायनशास्त्राचा टोनी दर दहा मिनिटांनी काहीतरी धडाडकन् उडवत होता, आणि त्याच्यापुढे दारापर्यंत रांग. ग्रॅहमच्या टेबलावर जर्मनीचा नकाशा आणि घरी भाजलेली आल्याची बिस्किटं. एक बाई आल्या. त्यांना प्रसाधनगृह कुठे आहे ते विचारायचं होतं. जाताना दोन बिस्किटं घेऊन गेल्या.

"पुढच्या वर्षी तूही काहीतरी उडव," टोनी म्हणाला.

"काय उडवू? क्रियापदं?"

"जर्मन वाक्याच्या शेवटी तीच असतात ना? मोठा आवाज होईल."

टेबलं आवरताना वेळापत्रकाच्या प्रमुख बेव्हर्ली ग्रिमशॉ त्याच्याजवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "ग्रॅहम, आठ जण तरी हवेत रे. वरून हुकूमच आहे. आठाच्या खाली वर्ग चालवायचा नाही."

त्या दिवसापासून ग्रॅहमच्या डोक्यात आठाचा भुंगा शिरला. तो घरी येई, कोट काढी आणि ज्यूडिथला सांगे, "पाच झाले." नाताळात सहा. वसंतात सात. मग गाडी अडली. "सात! एकानं काय घोडं मारलंय यांचं? अख्ख्या खोऱ्यात एक पोर मिळू नये? उद्या हा विषय मेला की परत कोणी जिवंत करणार नाही!" हे तो रोज रात्री जेवताना बोले. फ्रॅन समोर बसून जेवत असे.

तिकडे धुण्याचं यंत्र वसंतापासून सुरळीत चाललं होतं. कसली खडखड नाही. ग्रॅहमला वाटलं, चला, पोरगी शहाणी झाली. घरातली एक तरी कटकट मिटली.

ऑगस्टात निकाल लागला. त्याच दिवशी टेकडीवर प्रवेशाची झुंबड. मोठ्या सभागृहात शिक्षक टेबलांमागे आणि समोर हातात पाकिटं घेतलेली पोरं; कोणी हसतंय, कोणी डोळे पुसतंय. ग्रॅहमच्या वाट्याला 'ए' ते 'एच' आडनावं आली होती. सकाळपासून त्यानं एकच प्रश्न इतक्यांदा विचारला होता की जीभ जड झाली होती.

"नाव?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"फ्रान्सेस एंटविसल."

त्यानं मान वर केली. फ्रॅन उभी होती. अंगात नवा शर्ट, हातात पाकीट, चेहरा दगडासारखा.

"तू इथं काय करतेयस? आई तुला नदीकडे घेऊन जाणार होती ना?"

"आई खाली गाडीत आहे. मी ठरवलंय. टेकडी." तिनं निकाल पुढे सरकवला. जर्मनमध्ये नऊ, म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी, भौतिकशास्त्रातही नऊ, गणितात आठ. एखाद्या परक्या पोराचा असता तर ग्रॅहम उठून हात मिळवायला गेला असता.

"बरं," तो म्हणाला. "विषय?"

"जर्मन, गणित, संगीत."

"संगीत? तुला गाता येत नाही, बाळा. तुला बासरीसुद्धा धड वाजवता येत नाही. भौतिकशास्त्र कुठं गेलं?"

"ते जर्मनच्याच तासांना आहे. वेळापत्रकात दोन्ही एकाच रकान्यात येतात. एकच घेता येतं."

"मग भौतिकशास्त्र घे!"

मागच्या रांगेतली पोरं कान टवकारून ऐकत होती.  फ्रॅन खाली बघत म्हणाली, "मग सातच राहतील."

ग्रॅहमला क्षणभर काही कळलंच नाही. मग नोव्हेंबरपासूनची सगळी जेवणं एकामागून एक त्याच्या डोळ्यांपुढून गेली. प्रत्येक जेवणात तो स्वतः ओरडत होता आणि समोर ही मुलगी बटाटे खात होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यानंच सांगितलं होतं, रोज, ताटात वाढून.

आणि त्याहून वाईट म्हणजे, पोटात कुठेतरी, या क्षणीही, त्याला बरं वाटत होतं. आठ झाले होते. सही केली की झालं. तो पेन हातात धरून बसला आणि स्वतःचाच त्याला असा काही राग आला की तो जवळजवळ किंचाळलाच.

"नाही!"

"नाही म्हणजे?"

"म्हणजे तुला प्रवेश नाही. या कॉलेजात तुला जागा नाही. पुढचा!"

"डॅड, मला नऊ आहेत!"

"म्हणूनच! नऊवाली पोरं बासरी वाजवायला घेत नाही आम्ही!"

रांगेतून कोणीतरी खिदळलं. "सर, मला तीन आहेत, मला घेता?" एक उंच पोरगा म्हणाला.

"तू थांब रे!" ग्रॅहम ओरडला.

गोंगाट ऐकून बेव्हर्ली लगबगीनं आल्या. "काय झालं? ग्रॅहम, लोक बघतायत. अगं, फ्रॅन! अभिनंदन, बाळ. म्हणजे आठ झाले म्हणायचे आपले?"

"सात," ग्रॅहम म्हणाला. "ही नदीवर चाललीये."

बेव्हर्लींनी त्याच्याकडे बघितलं, मग फ्रॅनकडे, मग परत त्याच्याकडे. "ग्रॅहम, आज शेवटचा दिवस आहे. सातावर वर्ग नाही चालणार. मी शब्द देऊ शकत नाही."

"ठाऊक आहे मला. वर्षभर तेच तर बडबडतोय."

फ्रॅनचे डोळे भरून आले होते, पण आवाजात रडू नव्हतं, चीड होती. "मूर्ख आहेस तू, डॅड. मी वर्षभर किती विचार करून—"

"तुला कोणी सांगितलं होतं विचार करायला? सोळा वर्षांची तू, तुझं काम मत बदलायचं! माझा विषय सांभाळायचं काम माझं आहे. आणि मला ते जमलं नाही, झालं. नदीवरचे प्रवेश तीनला बंद होतात. आईला म्हणावं, पुलावरून नको, तिथं रस्ता खोदलाय."

ती हलली नाही. मग तिनं पाकीट खेचून घेतलं आणि "बिस्किटं पण कच्ची असतात तुझी," असं सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणून ती निघून गेली.

"पुढचा," ग्रॅहम म्हणाला. तीनवाला पोरगा पुढे सरकला आणि त्यानं आपलं पाकीट हळूच टेबलावर ठेवलं.

सप्टेंबरात जर्मनचा वर्ग निघाला नाही. त्या सात पोरांना ग्रॅहमनं स्वतः एकेकाला बोलावून सांगितलं. चार जण स्पॅनिशकडे गेले, दोन इतिहासात, आणि एक मुलगी इतकी रडली की टोनीनं तिला चहा करून दिला. ग्रॅहमला दुसऱ्या वर्षाचा उरलेला वर्ग मिळाला, आणि रिकाम्या तासांना नव्या पोरांना 'अभ्यास कसा करावा' हे शिकवायचं काम. पोरं त्या तासाला डुलक्या काढत. त्यांचं फारसं चुकत नाही, असं ग्रॅहमला वाटे. संध्याकाळी तो घरी येई, कोट काढी आणि वर्तमानपत्र उघडी. ज्यूडिथ विचारी, "कसा गेला दिवस?" तो म्हणे, "गेला."

एका शुक्रवारी फ्रॅन गुडघ्यापर्यंत चिखलात माखून घरी आली. कॉलेजनं खाणीवर नेलं होतं म्हणे. बूट दारातच, मोजे जिन्यात, जाकीट थेट यंत्रात.

"दुसरी बस आलीच नाही," ती म्हणाली. "अर्धा तास पावसात उभी होते. कँटीनमधले चिप्स थंडगार. आणि भौतिकशास्त्राचे सर इतकं हळू बोलतात की वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायला होतं. मला वाटतं, टेकडीच बरं होतं."

ग्रॅहमनं वर्तमानपत्र खाली आपटलं. "फ्रॅन एंटविसल! पुन्हा जर तू—"

स्वयंपाकघरात यंत्र सुरू झालं. आधी पाण्याचा आवाज, मग घरघर, आणि मग आत काहीतरी टणटणत, खडखडत गरगर फिरू लागलं.

"फ्रॅन! खिसे!" तो ओरडला. भिंतीपलीकडून शेजाऱ्यांचं हसणं ऐकू आलं.

"अय्या, राहिलेच. बंद कर ना, डॅड."

तो तणतणत उठला आणि यंत्रापाशी जाऊन उभा राहिला. तिसऱ्यांदा दुरुस्ती काढणार हे, नक्की. त्याचं बोट बटणाशी गेलं आणि तिथंच राहिलं. आत खडे वाजत होते, वसंतानंतर पहिल्यांदाच.

"केलंस का बंद?" ज्यूडिथनं बाहेरून विचारलं.

"करतो गं," ग्रॅहम वैतागून म्हणाला, आणि तसाच उभा राहिला.