बिनचूक तास

"आज तरी चूक करू नका हो," बायकोने दारातून दुसऱ्यांदा बजावलं. "परक्या माणसासमोर कसला तो हट्ट! नोकरी पक्की होऊ दे, मग घाला हवा तेवढा गोंधळ."

सर बूट घालत राहिले. दरवर्षी उन्हाळ्यात कॉलेजातली तात्पुरती नेमणूक संपायची आणि दरवर्षी विभागप्रमुखांच्या दाराशी घुटमळावं लागायचं. यंदा कुठे कायमची एक जागा निघाली होती, आणि बाहेरचे एक तज्ज्ञ आज त्यांचा तास बघायला येणार होते. ही हुकली की संपलंच. पुढच्या वर्षी वय आडवं येणार होतं.

भौतिकशास्त्राच्या पोरांना ते प्रोग्रामिंग शिकवायचे, पण मुद्दाम चुकीचं. सूर्याभोवती पृथ्वी फिरवायचा प्रोग्राम फळ्यावर लिहायचे. पोरं तो चालवायची, आणि पृथ्वी गोल गोल लांब जात पडद्याबाहेर पसार! "कुठे गेली रे आपली पृथ्वी?" एवढं विचारून सर गप्प बसायचे. पोरं वैतागायची, एकमेकांवर खेकसायची, आणि मग कुणीतरी ओरडायचं, "आधी वेग बदलायला हवा, मग जागा!" दोन ओळींची अदलाबदल, बस्स. पण चूक सापडली की पोरगं जन्मात विसरायचं नाही. पोरं त्यांना 'चुकेसर' म्हणायची, आणि सरांना ते मनातून आवडायचं.

आज मागच्या बाकावर तज्ज्ञ बसले होते, शेजारी विभागप्रमुख. सरांच्या हातातला खडू अडखळला. मग त्यांनी दोन्ही ओळी बरोबर क्रमाने लिहून टाकल्या. पृथ्वी शहाण्यासारखी फिरत राहिली. वर्गात चिडीचूप.

तास संपल्यावर तज्ज्ञ व्हरांड्यात थांबले. "बिनचूक होतं सगळं. पण असं बिनचूक तर आता यंत्रच लिहून देतं, सर. पोरांनी एक प्रश्न विचारला नाही. यात तुम्ही काय केलंत?"

सरांनी विभागप्रमुखांकडे पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. सरांच्या वर्गातला आरडाओरडा भिंतीपलीकडून ते रोज ऐकत आले होते.

"चला, पुढच्या उमेदवाराचा तास सुरू होईल," विभागप्रमुख म्हणाले आणि तज्ज्ञांना घेऊन गेले.

सरांना बाजू न घेणाऱ्या विभागप्रमुखांचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तोही भित्रेपणाने!

पिशवी घ्यायला ते वर्गात परतले, तर एकही पोर जागचं हललं नव्हतं. सगळ्यांच्या नजरा पडद्यावर. पहिल्या बाकावरची मुलगी एकेका ओळीवर बोट ठेवून पुटपुटत होती.

"सर, सांगू नका हं," ती वर न बघताच म्हणाली. "आज चूक भारीच लपवलीत तुम्ही. पण शोधतोच आम्ही. थोडा वेळ द्या फक्त."

सरांनी पिशवी खांद्याला अडकवली.

"घ्या की," ते म्हणाले, "हवा तेवढा घ्या," आणि बाहेर पडून त्यांनी दार हळूच ओढून घेतलं.