खालची बाजू

जिन्यावरून कपाट उतरवताना खाली असेल त्याचा शब्द चालतो, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. खालचा उलटा चालतो, ओझं त्याच्या अंगावर येतं, म्हणून 'चल' आणि 'थांब' त्यानेच म्हणायचं. वरच्याने तोंड मिटून ऐकायचं. बाबा घरसामान हलवायची कामं घेतात आणि शाळेत असल्यापासून वरची बाजू माझी. गल्ली मला क्रेन म्हणते. म्हणू दे. त्याच हातांनी मी गोळाफेकीत पदक आणलं आणि लांबच्या शहरातल्या कॉलेजने मला खेळाडूंच्या कोट्यातून जागा दिली, वसतिगृहासकट.

"गोळा फेकायला एवढ्या लांब? इथले दगड संपले काय?" बाबा म्हणाले.

"जाऊ द्या तिला," आई म्हणाली. "नाहीतर तुमच्याच डोक्यात घालेल."

निघायच्या दिवशी बाबांनी मुद्दाम काम घेतलं. आरशाचं लोखंडी कपाट, चौथा मजला, लिफ्ट बंद. "एवढं उतरव, मग जा कुठे जायचं तिथे." बस दुपारची होती. वाद घालण्यात वेळ गेला असता, म्हणून ट्रंक टेम्पोत टाकली आणि निमूट गेले.

जिन्याशी बाबा म्हणाले, "आज तू खाली." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी खूश झाले.

दोन मजले नीट उतरलो. अरुंद वळणावर मी "चला" म्हटलं आणि बाबा जागचे हललेच नाहीत.

"तू जाऊ नकोस," ते वरून म्हणाले. "इथल्याच कॉलेजात जा. सकाळी कॉलेज, दुपारी काम."

कपाट माझ्या खांद्यावर, पाठीला भिंत. पाय आपटून निघून जायचीही सोय नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. घरी बोलायला अख्खा उन्हाळा पडला होता, आणि यांना कंठ फुटला तो जिन्यात!

"वरच्याने बोलायचं नाही. नियम तुमचाच ना?"

"मी बाप आहे तुझा."

"जिन्यात नाही. जिन्यात तुम्ही वरची बाजू."

चौथ्या मजल्यावरून मालकीणबाई ओरडल्या, "अहो, खाली जाऊन भांडा, आरसा फुटेल!"

"मी जाणार," मी म्हटलं. "तुम्हाला उभं राहायचं तर राहा. मीही राहते. बघू कोण आधी दमतं."

राहिलो उभे. घाम डोळ्यांत उतरला, तरी मी पकड सोडली नाही. थोड्या वेळाने कपाट थरथरायला लागलं. माझे हात तर घट्ट होते. वर बघितलं, तर बाबांचा उजवा खांदा वाकडा झालेला, ओठ दाताखाली. आज मला खाली का घेतलं ते तेव्हा कळलं. खालची बाजू त्यांना आता झेपत नव्हती. मला फार वाईट वाटलं, आणि राग मात्र तसूभरही कमी झाला नाही.

"सांगायचं ना, बाबा."

"सांगून थांबली असतीस?"

"नाही. पण तुमच्यासाठी दुसरा कुणीतरी शोधला असता. पगारी माणूस ठेवा. मला डांबून ठेवू नका. चला आता."

ते चालायला लागले. उरलेल्या जिन्यात मी होईल तितकं वजन माझ्याकडे ओढून घेतलं. त्यांना ते कळलं.

स्टँडवर पोचलो तेव्हा बस निघायच्या बेतात होती. ट्रंकेत कपडे कमी आणि सरावाचे गोळे जास्त. मी पायऱ्या चढून वरची कडी धरली, खालची बाबांनी धरली, डाव्या हाताने.

"आटपा लवकर!" कंडक्टर खेकसला.

मला ट्रंक एकटीने आत ओढता आली असती. पण खाली ते होते, तेव्हा शब्द त्यांचा. नियम त्यांनी मोडला होता. मी मोडणार नव्हते. मी कडी धरून त्यांच्याकडे बघत राहिले. कंडक्टरने घंटी वाजवली. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. बाबांची मान खालीच.

मग त्यांनी खांदे सरळ केले आणि जिन्यात द्यायचे तसा, अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असा आवाज दिला.

"चल!"

मी उचललं.