लोटनभाऊंचा रबरी पेशंट

मित्रांनो, मी लोटनभाऊंचा रबरी पेशंट. वय विचारू नका. गळ्याला भेगा पडल्यात, त्यावरून काय ते ओळखा. माणसाचं बंद पडलेलं हृदय हातांनी कसं चालवायचं, हे शिकवण्यासाठी मला बनवलं. माझ्या छातीत स्प्रिंग आहे. नीट दाबली की टक वाजते, आणि तोंडात फुंकलं की छाती फुगते.

आमच्या धुळ्याच्या प्रथमोपचार मंडळाची शिकवणी दोन भागांत चाले. आधी टपालाने व्हिडिओ कॅसेट जाई. गावातली माणसं भाड्याच्या टीव्हीवर ती आठवडाभर पाहत. मग रविवारी मंडळाचे शिक्षक लोटनभाऊ मला पत्र्याच्या पेटीत घालून एस.टी.ने नेत. त्यांच्या घरी कोणी नव्हतं, आणि मला तर घरच नव्हतं. स्टँडवर पेटीवर बसून ते चहा पीत आणि माझ्याशी बोलत. लोक हसत. हसेनात का!

कॅसेट सगळ्यांना आवडे. फुकटचा सिनेमा कोणाला नको? 'पंधरा दाबा, दोन फुंका' हे पोपटासारखं पाठ. पण माझ्याजवळ यायची वेळ झाली, की कोणाला बैल आठवे, कोणाला लग्न. कारण एकच, उष्टं. एकाने तोंड लावलं तिथे दुसऱ्याने कसं लावायचं? लोटनभाऊ दर खेपेला स्पिरिटने माझे ओठ पुसत, पहिलं तोंड स्वतः लावत. तरी माणसं मागे सरकत. मला फार वाईट वाटे.

शेवटी भाऊंनी युक्ती काढली. बोलता बोलता ते स्वतःच धाडकन पडत आणि मेल्याचं सोंग घेत. माणसं पोट धरून हसत, संकोच मोडे, आणि चार-दोन जण तरी माझ्याकडे येत.

ब्याण्णव सालच्या थंडीत आम्ही शिरपूरजवळच्या एका जिनिंग कारखान्यात गेलो. कापसाच्या ढिगाशेजारी तीस जण बसले होते. वायरमन वना सगळ्यांत पुढे. भाऊंनी माझे ओठ पुसले आणि त्याला बोलावलं.

"बठ्ठा गावनं उष्टं शे ते. मी तोंड लावाव नही," वना म्हणाला. सगळ्या गावाचं उष्टं त्याला नको होतं.

भाऊ हसले. काहीतरी सांगायला गेले, आणि माझ्या शेजारी कोसळले.

भाऊंच्या सोंगाची ख्याती इथेही पोचली होती. सगळे हसले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

"भाऊ, उठा आते. दखी लिधं बठ्ठं," वना म्हणाला.

भाऊंची सोंगं मी शंभरदा पाहिली होती. सोंगात ते पडण्याआधी चष्मा काढून हातात धरत. आज चष्मा फुटला होता. मला ओरडता येत नव्हतं.

दाराशी कापूस निवडणाऱ्या बेबाबाई उभ्या होत्या. त्या जवळ आल्या आणि वाकल्या.

"हाई सोंग नही शे. व्हट निया पडी ग्यात."

खरंच ओठ निळे पडले होते. हसण्यात तीन-चार मिनिटं गेली होती. मग एकच धांदल उडाली. कोणी पाणी शिंपडलं, कोणी कांदा हुंगवला. तोंडपाठ सगळ्यांना होतं, पण एकाचेही हात छातीवर नेमके पडेनात. बेबाबाईंनी दाबायला घेतलं, ते पोटाजवळ. वनाने अखेर भाऊंच्या तोंडाला तोंड लावलं. रडत फुंकत होता बिचारा, पण हवा आत जाईना. आधी मान मागे करून हनुवटी उचलायची असते. ते माझ्यावरच शिकायचं राहून गेलं होतं.

जीपने शिरपूरला नेलं. पोचण्याआधीच भाऊ गेले होते.

मंडळ आता नुसत्या कॅसेटी पाठवतं. मी पेटीत पडून असतो. भाऊंशिवाय मला करमत नाही, हे सांगायला लाज कसली?

मित्रांनो, कॅसेटी जरूर पाहा. पण माझ्यासारखा कोणी समोर ठेवला, तर किळस करू नका. हाताने शिकून घ्या. त्या दिवशी मी भाऊंपासून वीतभर अंतरावर होतो. नेमकं कुठे आणि किती दाबायचं, हे तिथे मला एकट्यालाच ठाऊक होतं. पण मला हात नाहीत.