चुलीमागे दोन ढोरं

रामाकोना गावाच्या चराईच्या बरडावर किती ढोरं पोसतील, हे एकदाचं ठरलं. साहेब लोकांनी बरडावरचं गवत कापलं, वाळवलं, तोललं आणि सांगितलं, गावात आहेत त्याच्या निम्मीच जगतील. मग सभेत नियम झाला. एका चुलीमागे दोन ढोरं, बाकीची विका.

वच्छलाच्या गोठ्यात चार गाई. चारही घरातच जन्मलेल्या. विकायचं नाव निघालं तशी ती गोठ्यात जाऊन चौघींच्या पाठीवरून हात फिरवून आली. आणि अक्कल पाहा बाईची! तोड तिनंच काढली. मुलाला, गजेंद्रला म्हणाली, "तू अन् पूनम ओसरीत येगळे रांधा. नावालेच. दोन चुली झाल्या म्हणजे चारही गाई राहतीन."

"लोक काय म्हणतीन, आई?" सून पूनमचा चेहरा उतरला होता.

"म्हणू दे. लोकं तरी काय करून राहिले?"

ते मात्र खरं होतं. सारं गाव चुली मांडत सुटलं होतं. खुद्द सरपंच मोरेश्वरनं म्हाताऱ्या आईला परसात वेगळी शेगडी दिली. ढोर एकही कमी झालं नाही.

सुरुवातीला गंमतच होती. इकडची भाजी तिकडे, तिकडची चटणी इकडे. उन्हाळ्यात कडबा सरत आला, तेव्हा वच्छलानं सरकीची ढेप भिजवली आणि आपल्या वाटणीच्या दोघींपुढेच टाकली. पूनमनं पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं आपल्या गाई ओसरीच्या खांबाला बांधल्या. भाजीची वाटी यायची बंद झाली. वच्छलानंही विचारलं नाही. आधी कमीपणा कोण घेणार!

पावसाळ्यात बरड हिरवं झालं, पण निव्वळ तरोट्यानं. त्याला ढोर तोंड लावत नाही. गवत मुळासकट खाल्लेलं, ते उगवणार कुठून? गाईंच्या फासळ्या दिसू लागल्या. पुन्हा सभा झाली. बरड बंद, एकही ढोर जाणार नाही.

चारही गाई सौंसरच्या बाजारात गेल्या. गाडीत चढताना एकीनं मागं वळून पाहिलं. वच्छलाला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. आत काही हललंच नाही.

संध्याकाळी तिनं तिघांचं पीठ मळलं आणि ओसरीकडे तोंड करून हाक मारली, "पूनम, ये वो इकडे. आता कायच्या दोन चुली?"

"आमचं जेवण झालं, आई," पूनम म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर वच्छलाला बरं वाटलं असतं. "वांग्याची भाजी उरली हाय. तुमाले देऊ का वाटीभर?"

शेजारणीला विचारावं, तसं तिनं विचारलं.

"दे," वच्छला म्हणाली, आणि वाटी घेऊन आपल्याच ओसरीच्या दाराशी उभी राहिली.